मन हलतंय का?

बदलापूर पश्चिमेचा हेंद्रेपाडा. एकीकडे रेल्वे, दुसरीकडे उल्हास नदी. मुंबईचं सीएसएमटी इथून ६८ किलोमीटरवर. त्यामुळे कित्येक घरांत पहाटे अंधारातच डबे भरले जातात आणि डबा घेऊन गेलेला माणूस थेट रात्रीच्या जेवणाला परततो. पावसाळ्यात नदीची धास्ती वेगळीच. २६ जुलै २००५ चा पूर लोक अजून तारखेनिशी सांगतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हाही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी भरलं होतं. दमायला आणि खचायला इथे कारण शोधावं लागत नाही. म्हणूनच प्रश्न जास्त अवघड होतो. एवढी कारणं समोर असताना एखाद्याचं दुःख हे साधं दुःख आहे की नैराश्याचा आजार, हे ओळखायचं कसं?

यावर दोन टोकांची मतं घराघरांत ऐकू येतात. ती इथे एका मामा-भाचीच्या तोंडी मांडली आहेत. मामा निवृत्त शिक्षक. उभा जन्म मराठी शिकवलेले, भजनी मंडळातले. भाची एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशक. रविवारची दुपार, चहाची वेळ.

मामा: तुमचा तो नऊ प्रश्नांचा कागद वाचला मी. गेल्या दोन आठवड्यांत झोप नीट लागली का, थकवा वाटला का, भूक कमी झाली का, कामात लक्ष लागलं का. अगं, हा कागद घेऊन संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यावर उभी राहा. उतरणाऱ्या प्रत्येकाची झोप अपुरी आणि प्रत्येक जण थकलेला. निम्मी लोकल आजारी ठरवशील तू.

भाची: मामा, तो कागद म्हणजे नुसती चाळण आहे. त्यावरून निदान होत नाही. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा जास्त आले तर या माणसाशी नीट बसून बोलायला हवं, एवढंच त्यातून कळतं. आणि जिन्यावरच्या थकव्याबद्दल म्हणाल, तर तो रविवारी उतरतो. माणूस उशिरापर्यंत लोळतो, आवडीचं जेवतो, दुपारी ताणून देतो, संध्याकाळी पोराला घेऊन नदीवर फिरायला जातो. सोमवारी पुन्हा दमतो, ते वेगळं. आजारातला थकवा सुट्टीनं जात नाही. उलट रविवार त्याला खायला उठतो, कारण त्या दिवशी करण्यासारखं काही नसतं आणि करावंसं तर काहीच वाटत नाही.

मामा: आणि झोप? इथे चारला उठणाऱ्यांची काय कमी आहे!

भाची: चारला गजर लावून उठणं निराळं. या आजारात कित्येकांना गजराच्या दोन-दोन तास आधी जाग येते, मग डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात वाईट जाते, संध्याकाळकडे जरा बरं वाटतं. म्हणून 'झोप कमी होते का' एवढ्यावर आम्ही थांबत नाही. जाग कधी येते, जाग आल्यावर डोक्यात काय येतं, हेही विचारतो.

मामा: बरं, ते सोड. समोरच्या चाळीतल्या वहिनींचं बघ. चार महिने झाले नवरा जाऊन. परवा आमची ही गेली होती त्यांच्याकडे. कुकरमध्ये अजून दोघांचाच भात लावतात, आणि वाढायच्या वेळेला लक्षात आलं की पदर डोळ्यांना लावतात. त्यांच्या मुलानं नेलं डॉक्टरकडे, तर झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. कशासाठी? नवरा गेल्यावर बाईनं रडायचं नाही तर काय करायचं? तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मूल गमावलं, धंदा बसला. त्यांना तेव्हा कुणी गोळी दिली असती, तर अभंगांचं काय झालं असतं?

भाची: वहिनींबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूची आहे. नातू आला की हसतात का हो त्या?

मामा: हसतात की. त्याला थालीपीठ लावून देतात. त्याच्याजवळ आजोबांच्या गोष्टी सांगतात, आणि सांगता सांगता रडतात.

भाची: मग त्यांचं मन हलतंय, मामा. शोक असा लाटांसारखा येतो. आठवण आली की भरून येतं, कुणी बोललं की ओसरतं, मध्येच हसूही फुटतं. गेलेल्याबद्दल बोललं की जीव हलका होतो. आणि मुख्य म्हणजे त्या स्वतःला टाकाऊ समजत नाहीत. शोकात माणूस गेलेल्यासाठी झुरतो. या आजारात सगळा दोष स्वतःवर उलटतो. फ्रॉइडनं १९१७ साली शोक आणि विषादावर निबंध लिहिला, त्यात हा फरक आहे. तो आजही कामाला येतो.

तुकोबांचंही तेच. त्यांच्यावर एवढं कोसळलं, तरी मन थांबलं नाही, वाट काढत राहिलं. पण म्हणून जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, त्याला तुकोबांचा दाखला देऊ नये. त्याला वाटतं, तुकोबांनी सोसलं आणि मला साधी अंघोळ होत नाही, म्हणजे मी किती नालायक.

मामा: हं. म्हणजे दुःखाला आजार म्हणायचं खूळ आहे, एवढं तरी मान्य कर.

भाची: करते. आणि हे म्हणणारे तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत हॉरविट्झ आणि वेकफील्ड या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की मानसोपचारांच्या नियमपुस्तकानं लक्षणं मोजली, पण माणसाच्या परिस्थितीकडे पाहिलंच नाही, त्यामुळे साधी दुःखंही आजारात मोजली गेली. त्या नियमपुस्तकात पूर्वी एक सवलत होती: जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान करायचं नाही. २०१३ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. त्यावरून मानसोपचारतज्ज्ञांमध्येच केवढं वाजलं!

मामा: मग? मी काय वेगळं म्हणतोय?

भाची: ती सवलत काढली, त्यामागेही कारण होतं. नवरा गेलेल्या बाईला नैराश्याचा आजार होऊच शकत नाही का? होतो. नोकरी गेलेल्याला, पुरात दुकान वाहून गेलेल्याला होतो. किंबहुना मोठ्या आघातानंतरच तो पुष्कळांना होतो. मग घरचे म्हणतात, 'कारण आहे ना त्याला, साहजिक आहे.' कारण सापडलं की आपण निदान झाल्यासारखे निश्चिंत होतो, मामा. साहजिक आहे म्हणून न्यूमोनियाला कुणी घरी ठेवतं का, की बाबा पावसात भिजला होता, साहजिक आहे?

(इथे मामा थोडे गप्प झाले. माझ्या मते या वादाची गाठ इथेच आहे. 'दुःखाला कारण आहे का' हा प्रश्न आपल्याला सगळ्यांत आधी सुचतो, आणि तो सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे. कारण असतानाही आजार असू शकतो. सगळं ठाकठीक असलेल्या घरातही तो येतो. तिथे लोक म्हणतात, 'काय कमी आहे तुला?' आणि आजारी माणसाच्या डोक्यावर अपराधाचं आणखी एक ओझं चढतं.)

मामा: मग बघायचं तरी काय?

भाची: माणूस पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे, हे बघायचं. शेजाऱ्याशी तुलना करायची नाही. मन कशानं तरी हलतं का? आवडीच्या गोष्टीत गोडी उरली आहे का? दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ हेच चाललंय का? कामधाम, अंघोळ, जेवण यांवर परिणाम झालाय का? बोलणं-चालणं मंदावलंय का? स्वतःबद्दल काय बोलतो? पुष्कळ जण 'मी उदास आहे' असं कधी म्हणतच नाहीत. बायका म्हणतात, अंग दुखतं, डोकं जड झालंय, जीव घाबरतो. पुरुष म्हणतात, गॅस होतात, छातीत धडधडतं. ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, घरी परततात. काही पुरुष नुसते चिडचिडे होतात, पिणं वाढवतात. त्यांच्या दुःखाची तर दखलही घेतली जात नाही.

मामा: आमच्या मंडळातला पखवाजवाला तुला माहीत आहे. त्याची कंपनी बंद पडली दिवाळीच्या सुमारास. तेव्हापासून तो असाच झालाय. मी म्हटलं, नोकरी गेली म्हणून असेल. सतरा वेळा बोलावलं, ये, दोन अभंग म्हण, मोकळा होशील. येतो म्हणतो, येत नाही.

भाची: पूर्वी?

मामा: पूर्वी! ताप असला तरी एकादशीला यायचा. आता त्याची बायको सांगते, शर्ट चार-चार दिवस बदलत नाही. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलंय, इतका उतरलाय. मुलाखतीला म्हणून निघाला आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिला. समोरून तीन गाड्या गेल्या, चढलाच नाही. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पेढे मीच वाटले. तर हा म्हणतो, माझ्यासारखा बाप असल्यावर तिचं पुढे काय होणार.

भाची: आणि पखवाज?

मामा: तो परवा मंडळाला देऊन टाकला. वडिलांच्या वेळचा पखवाज. म्हणाला, मला आता काय करायचाय.

भाची: मामा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? जिवापाड जपलेली वस्तू माणूस अशी देऊन टाकतो, तेव्हा सावध व्हायचं. 'मी ओझं आहे', 'माझ्याशिवाय यांचं बरं चालेल' अशी वाक्यं, अचानक निरवानिरव, या धोक्याच्या खुणा आहेत. प्रत्येक वेळी तसंच असेल असं नाही, पण विचारल्याशिवाय राहायचं नाही. आज संध्याकाळी जा त्यांच्याकडे, आणि सरळ विचारा, 'जीव नकोसा वाटतो का? जीव द्यायचा विचार येतो का?'

मामा: असं विचारायचं? भलतंच काहीतरी डोक्यात घालायचं आपणच?

भाची: विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही. असला तर आधीच असतो, आणि कुणीतरी न घाबरता विचारलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडायचं नाही, औषधं आणि घातक वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि हो, 'असा विचार पाप आहे' हे तेवढं म्हणू नका.

मामा: म्हणजे आता त्याला ठाण्याला न्यायचं?

भाची: तुम्ही 'ठाण्याला' म्हणालात आणि आवाज बदलला बघा तुमचा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' ही शिवीच झाली. तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक सकाळी येतात, तपासून, औषध घेऊन घरी जातात. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावं लागत नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. तिथे तर माणसं आपणहून बोलायला जातात. आणि लगेच जमलं नाही तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तरी न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यायला सांगा. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच मलूल होतो. पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोपेशिवाय दिवसच्या दिवस भलताच उत्साह, वारेमाप खर्च, तेही डॉक्टरांना सांगा. तो आजार वेगळा, त्याची औषधं वेगळी.

मामा: आणि गोळ्यांची सवय लागली म्हणजे?

भाची: सवय लागण्याचा धोका झोपेच्या गोळ्यांना आहे. आणि त्याच आपल्याकडे सरसकट लिहून देतात, कुणी कुणी तर शेजाऱ्याच्या पाकिटातून मागून घेतात. नैराश्यावरची औषधं निराळी. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे लोक आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडतात, नाहीतर बरं वाटताच मनानं बंद करतात. बरं वाटू लागल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागतात, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. सौम्य आजारात तर गोळीची गरज नसतेही.

बघा, काय उलटा न्याय झालाय आपल्या या एका गल्लीत. वहिनी नुसत्या शोकात आहेत, त्यांना गोळ्या मिळाल्या. पखवाजवाले काका बहुधा आजारी आहेत, त्यांना उपदेश मिळाला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण चित्र इथे फार वेगळं असेल असं वाटत नाही. नैराश्याच्या शंभरातल्या जवळपास ८५ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. 'दुःखाला आजार म्हणतात' ही तुमची तक्रार खरी आहे. आपल्याकडे आजाराला दुःख म्हणून घरी बसवलेली माणसं मात्र त्याहून कितीतरी जास्त आहेत.

मामा: एक शेवटचं विचारतो. त्याला नोकरी हवी आहे. गोळी नोकरी देणार आहे का?

भाची: नाही देणार. पण आज नोकरी चालून आली तरी ते गाडीत चढू शकणार नाहीत, चढले नाहीतच. आधी चढण्याइतकं बळ यायला हवं. आणि उपचार म्हणजे फक्त गोळी नव्हे. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. रोजच्या दिवसात छोटी छोटी कामं परत आणायची, अडचणी एकेक करून सोडवायच्या. तीन महिन्यांनी शंभरातले ६४ जण आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ३९. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. आधी नैराश्याच्या शंभर जणांतले चार जण मदत घ्यायला येत होते, दीड वर्षानं सत्तावीस यायला लागले. तिथेही घरोघर जाऊन बोलणारी माणसं गावातलीच होती.

मामा: म्हणजे मी बोलावत होतो, ते अगदीच चूक नव्हतं.

भाची: बोलावणं बरोबर, रीत वेगळी हवी. 'ये, मोकळा होशील' हे त्यांना झेपत नाही. तुम्ही त्यांच्या दारात जा. म्हणा, चल, नाक्यापर्यंत जाऊन चहा घेऊ. दहा मिनिटं. गप्प राहिले तरी चालेल. उद्या परत जा. या आजारात इच्छा झाल्यावर कृती करू म्हटलं, तर इच्छा होतच नाही. आधी थोडं करायचं, गोडी मागाहून येते.

मामा: आधी टाळ, मग गोडी.

भाची: तेच. पण नुसत्या टाळानं भागणार नाही, मामा. डॉक्टरही हवेत. 'कासव' आपण एकत्र पाहिला होता ना? मोहन आगाश्यांनी निर्मिती केलेला, २०१६ चा सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातली जानकी त्या खचलेल्या मुलाला प्रश्नांनी भंडावत नाही, घरात जागा देते. तुम्ही तेवढं केलंत तर माझं अर्धं काम होतं.

मामा: आणि वहिनींच्या गोळ्या?

भाची: मुलाला सांगा, त्याच डॉक्टरांना विचारून कमी करायच्या, एकदम तोडायच्या नाहीत. वहिनींना मात्र सोडून देऊ नका. शोक आजार नसला तरी एकटेपणा वाईट. मामींना म्हणावं, जात राहा. आणि सहा महिने, वर्ष उलटलं तरी त्या आजच्यासारख्याच अडकून राहिल्या, नातवाकडेही बघेनाशा झाल्या, 'मीही गेले तर बरं' म्हणू लागल्या, तर मला फोन करा. इतका लांबलेला शोक हा आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीतही वेगळा नोंदवलेला आहे.

मामांचं सगळं समाधान झालं असं नाही. शाळकरी मुलं परीक्षेतल्या मार्कांवरून 'मला डिप्रेशन आलंय' म्हणतात, ते त्यांना अजूनही पटत नाही, आणि मलाही त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. साध्या दुःखाला साधं राहू द्यावं. त्याला माणसं लागतात, वेळ लागतो, रडायला मोकळीक लागते. पण ज्याचं मन कशानंच हलेनासं झालंय, त्याला धीराच्या चार गोष्टी सांगून परत फिरू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसा, पहिल्या भेटीला त्याला एकटं पाठवू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आजारी माणसाच्या घरच्यांनी, शेजाऱ्यांनी केला तरी चालतो.